पंधरा हजारांत नेटवर्क लॅब : सांगलीतल्या दोन खोल्यांचं प्रकरण

सीसीएनए या सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची फी ३०० डॉलर. २०२५च्या उन्हाळ्यातल्या भावाने रुपयांत २५ हजारांच्या वर, कर वेगळा. ज्या मुलीसाठी ही लॅब उभी केली तिच्या घरच्यांनी या सगळ्या उद्योगासाठी बाजूला काढले होते १५ हजार. त्यामुळे परीक्षा सध्या लांबच ठेवायची, आधी हाताला काम येऊ दे, फीचं नोकरी लागल्यावर बघू, असं ठरलं. नेटवर्किंगकडे वळणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी हेच गणित मांडलं जातं, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो आहे.

मुलगी माझी भाची. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालेली. सांगलीत विश्रामबागेकडे दोन खोल्यांत बिऱ्हाड; दाजी कुपवाड एमआयडीसीत कामाला, ताई घरून डबे करते. जमेला ८ जीबी रॅमचा एक आय-थ्री लॅपटॉप आणि घरात आलेलं फायबर. मी पुण्यात याच क्षेत्रात असल्यामुळे "मामा, काय काय घ्यायचं ते सांगा" हा फोन येणारच होता. आला तेव्हा यादी मात्र तिने आधीच करून ठेवलेली: सिस्कोचे १८४१ राउटर तीन, २९६० स्विच दोन, सिरीयल कार्डं (जुन्या पद्धतीच्या लाइनी जोडायची), त्यांच्या जाडजूड केबली आणि भिंतीला ठोकायचा छोटा रॅक. एका विक्रेत्याने 'सीसीएनए किट' म्हणून हे सगळं २२ हजारांना सांगितलं होतं; रेटून धरलं तर २० पर्यंत येईल, असा तिचा अंदाज. दाजींनी मध्येच फोन घेतला. "पैशाचं बघू ओ कसंतरी, पण हे ठेवायचं कुठं? आणि लाइटबिल?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. यादीत त्यांचं उत्तर नव्हतं.

किट का नको

१८४१ हा राउटर २००४ साली बाजारात आला. फास्ट इथरनेटची दोन पोर्टं, आणि सॉफ्टवेअर १५.१च्या पुढे जात नाही. जुन्या यंत्रावर शिकता येत नाही असं मुळीच नाही. पाकीट एका नेटवर्कातून दुसऱ्यात कसं जातं याची तत्त्वं तेव्हा जी होती तीच आज आहेत. माझा आक्षेप सिरीयल कार्डांना होता. फेब्रुवारी २०२०मध्ये सीसीएनएचा अभ्यासक्रम बदलला, २००-३०१ हा क्रमांक लागला, आणि सिरीयल लाइनीवर जे शिकवत ते त्यातून गेलं. रस्ते ठरवायचं ईआयजीआरपीही गेलं. राहिलं ते ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं), इथरचॅनेल (अनेक केबली मिळून एक दुवा), नॅट (पाकिटावरचा पत्ता बदलणं), डीएचसीपी (पत्ते वाटणं), एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं याचे नियम), स्विचवरची सुरक्षा, आयपीव्ही६ (नव्या पिढीचे पत्ते), वायरलेस आणि थोडं ऑटोमेशन. तरी किटं अजून सिरीयल कार्डांसकट बनतात, कारण ऑफिसांतून निघालेली कार्डं गोदामांत पडून आहेत. विक्रेत्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे जे आहे ते तो विकणार.

मग दाजींचं लाइटबिल. तीन राउटर आणि दोन स्विच मिळून दीडशे वॉट धरले आणि चोवीस तास चालू ठेवले, तर महिन्याला १०८ युनिट होतात. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांपर्यंत एक आणि त्यापुढे बराच चढा. या घराचा वापर आधीच शंभरीच्या आसपास, म्हणजे लॅबची जवळजवळ सगळी वीज वरच्या टप्प्यात बसली असती. शिवाय या यंत्रांतले छोटे पंखे कर्कश. सर्व्हर रूममध्ये ते कुणाच्या लक्षात येत नाहीत. झोपायच्या खोलीत येतात.

मी तिला म्हटलं, सामानाची यादी बाजूला ठेव. तुला काय काय डोळ्यांनी बघायचंय ते लिहून पाठव. रात्री तिने पाठवलं ते असं होतं: एका स्विचवर दोन नेटवर्क एकमेकांना न दिसता कशी राहतात, फोनला पत्ता कोण देतं आणि कसा, दोन राउटरांना एकमेकांकडचे रस्ते कसे कळतात, नॅटमध्ये पत्ता नक्की कुठे बदलतो, केबल खराब आहे हे कळतं कसं, आणि नवं यंत्र हातात आल्यावर त्यात पहिल्यांदा शिरायचं कसं.

या सहांपैकी लोखंड, म्हणजे खरं यंत्र, लागतं ते शेवटच्या दोघांना आणि थोडंफार पहिल्याला. बाकी सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि खोटं खोटं नाही, खरं होतं. आज मोठ्या डेटा सेंटरांतली बरीचशी राउटिंगची कामं लिनक्सवरच चालतात. सगळा हिशेब इथेच फिरला. पैसे राउटरांवर घालायचे नाहीत, रॅमवर घालायचे. खरी वस्तू घ्यायची ती एकच: एक स्विच.

फुकटातलं काय चालतं

पॅकेट ट्रेसर तिच्या लॅपटॉपवर कॉलेजपासून होतं. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत नाव नोंदवलं की ते मोफत मिळतं आणि सीसीएनएपुरतं बऱ्यापैकी भागतं. पण ते सोंग आहे. आत खरं सॉफ्टवेअर चालत नाही, सिस्कोच्या आज्ञांची नक्कल चालते. जी आज्ञा बनवणाऱ्यांनी घातली नाही ती तिथे नाही, आणि जो बिघाड त्यांना सुचला नाही तो तिथे होत नाही. त्यातली केबल कधी सैल होत नाही.

जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी या आभासी लॅबांत राउटरांची खरी सॉफ्टवेअर चालतात, फक्त ती आणायची कुठून हा प्रश्न असतो. सिस्कोच्या आयओएस या राउटरांच्या सॉफ्टवेअरच्या फायली टेलिग्रामवरच्या गटांतून सर्रास फिरतात. तिलाही कुणीतरी लिंक पाठवली होती. मी नको म्हटलं. परवान्याचा भाग आहेच, पण कुणी कुठून काय मिसळून दिलेली फाइल घरच्या नेटवर्कात चालवायची, हे नेटवर्क सांभाळायला शिकणाऱ्या माणसाने तरी करू नये. सरळ मार्गाने मिळणारं पुष्कळ आहे. सिस्को मॉडेलिंग लॅब्सची मोफत आवृत्ती पाच नोडांपर्यंत, म्हणजे पाच आभासी यंत्रांपर्यंत, चालते. मिक्रोटिकचा क्लाउड होस्टेड राउटर मोफत परवान्यावर प्रत्येक पोर्टाला १ एमबीपीएसची मर्यादा घालतो, आणि शिकायला १ एमबीपीएस रगड झालं. नोकियाचं एसआर लिनक्स हे राउटरचं सॉफ्टवेअर कंटेनर (यंत्राच्या आत वेगळं चालणारं छोटं लिनक्स) म्हणून खुलं मिळतं. आणि एफआरआर आहे: २०१७ साली क्वागा या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालेला मुक्त राउटिंग संच, ज्याच्या आज्ञा सिस्कोच्या आज्ञांशी इतक्या मिळत्याजुळत्या की एक शिकलं की दुसऱ्यात हात अडखळत नाही. आमचा भर यावरच राहिला.

खरेदी

उन्हाळा २०२५ या खरेदीला फार सोयीचा निघाला. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसांनी सहाव्या-सातव्या पिढीचे मिनी पीसी ढिगाने काढले होते. लिनक्सला पिढीचं सोयरसुतक नाही. पुण्यातल्या एका रिफर्बिश्ड विक्रेत्याकडून आय-फाइव्ह ६५००टीचा मिनी पीसी घेतला: चार कोअर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, ९,५०० रुपये. रॅमची आणखी ८ जीबीची पट्टी १,८००.

असं यंत्र घेताना दुकानातच चालू करून बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगांत) शिरून बघावं. काहींना जुन्या कंपनीचा बायोस पासवर्ड तसाच असतो आणि तो घरी आल्यावर कळतो. आत व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवणं) चालू करता येतं का, एसएसडीची तब्येत किती टक्के दाखवते, आणि सोबतचा अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे का, एवढं पाहिलं की पुरे.

२४ पोर्टांचा २९६० जुना माल उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे २,२०० रुपयांत मिळाला. कन्सोल केबल (लॅपटॉपवरून थेट स्विचमध्ये शिरायची) ४५०, यूएसबीचा इथरनेट अडॅप्टर ७००, क्रिम्पिंगची (केबलला कनेक्टर दाबून बसवायची) पक्कड आणि दिव्यांचा स्वस्त टेस्टर मिळून ३५०, कॅट-६ केबल वीस मीटर ४००, कनेक्टर १००. हे बारकंसारकं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेतलं. बेरीज १५,५००. वरचे पाचशे मामाचे.

तयार पॅचकॉर्ड (कनेक्टर लावलेल्या केबली) न घेता पक्कड घेतली यावर ताई जरा नाराज होती, 'अवजारं कशाला, तयार घ्या की.' पुढे त्या पक्कडीनेच सगळ्यात जास्त शिकवलं.

स्विचमध्ये शिरणं

स्विच सांगलीला पोचला आणि पहिली संध्याकाळ नुसती कन्सोलवर गेली. केबल लावली, लॅपटॉपवर काहीच दिसेना. सिरीयल पोर्टाची फाइल क्षणभर उगवायची आणि नाहीशी व्हायची. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ हे लिनक्स होतं आणि केबलमधली चिप सीएच३४०. या जोडीची एक ठरलेली भानगड आहे: अंध वापरकर्त्यांच्या ब्रेल यंत्रांसाठी उबुंटूत बीआरएलटीटीवाय नावाची सेवा असते, आणि तिला ही चिप म्हणजे ब्रेल यंत्रच वाटतं. ती पोर्ट बळकावून बसते. कर्नलच्या नोंदी वाचल्या तर तिचं नाव तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडतं. ती सेवा काढली आणि ९६०० बॉड या वेगावर अक्षरं दिसायला लागली. भाचीने नोंदी स्वतः वाचल्या. मी फोनवर फक्त 'नोंदी बघ' एवढंच म्हणत होतो.

पुढे पासवर्ड. जुन्या ऑफिसचा, अर्थातच. २९६०वर पुढच्या बाजूचं मोड बटण दाबून धरत वीज द्यायची, मग स्विच अर्ध्यावर थांबतो. तिथे फ्लॅश (आतली साठवण) सुरू करायची, कॉन्फिगची (सेटिंगांची) फाइल दुसऱ्या नावाने ठेवायची आणि पुढे बूट करायचं. स्विच कोरा होऊन उठला, निदान तिला तसं वाटलं. व्हीलॅनची यादी मागवली तर तिथे 'अकाउंट्स', 'सीसीटीव्ही', 'गेस्ट' अशी नावं रांगेत उभी. कॉन्फिग गेलं तरी व्हीलॅनची नोंद फ्लॅशमध्ये वेगळ्या फाइलीत राहते, ती वेगळी पुसावी लागते. कुणाच्या तरी ऑफिसचा अर्धा नकाशा २,२०० रुपयांत सांगलीला आला होता. यंत्र विकायला काढण्याआधी काय पुसावं, हा धडा कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा इथे पक्का झाला.

केबल

फायबरचा राउटर बाहेरच्या खोलीत दाराशी, लॅब आतल्या खोलीत लोखंडी कपाटावर. मधे भिंतीच्या कडेने बारा-तेरा मीटर केबल. ती भाचीने स्वतः क्रिम्प केली. टेस्टर लावला: एक ते आठ दिवे दोन्ही टोकांना ओळीने लागले. स्विचवर हिरवा दिवा. पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का हे पाहायचं पाकीट) चालू. सगळं ठीक.

दोन दिवसांनी तिचा मेसेज: "मामा, छोटं पिंग जातंय, मोठं मधेमधे गळतंय." स्विचवर त्या पोर्टाची आकडेवारी बघितली तर सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमांचा (तारेवरच्या पाकिटांचा), आकडा वाढत चाललेला. चूक असलेली फ्रेम स्विच टाकून देतो, वरच्या थरांना फक्त 'नेट हळू आहे' एवढंच कळतं. तिने आधी पोर्ट बदलून पाहिलं, जुना माल म्हणून संशय स्विचवर होता. चुका नव्या पोर्टावर आल्या. म्हणजे पोर्ट निर्दोष. मग ड्युप्लेक्स (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात ते फुल, पाळीपाळीने बोलतात ते हाफ): एका बाजूला हाताने वेग ठरवलेला आणि दुसरीकडे आपोआप असेल तर एक बाजू हाफवर पडते आणि अशाच चुका दिसतात. दोन्हीकडे आपोआप, दोन्हीकडे फुल. तेही नाही.

मग मी तिला कनेक्टरचा फोटो पाठवायला सांगितलं, मोबाइलची बॅटरी मारून, अगदी जवळून. पारदर्शक प्लास्टिकमधून तारा दिसत होत्या: नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी. अगदी शिस्तीत. दोन्ही टोकांना सारख्याच. आणि हीच चूक.

खरा क्रम असा असतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मधेच फाकवून तिच्या पोटात निळी घालायची, कारण १०० एमबीपीएसला कामात येतात त्या १-२ आणि ३-६ या जोड्या. भाचीच्या केबलमध्ये तिसऱ्या पिनवर हिरव्या जोडीची तार होती आणि सहाव्यावर निळ्या जोडीची. टेस्टरला याचं काही नाही. तो तीनची तार तीनला पोचली का एवढंच बघतो. पण दोन तारा एकमेकींना पीळ घालून जातात म्हणून बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि पलीकडे वजा होतो. जोडी फुटली की पीळ फुकट. आखूड केबलवर हे खपूनही जातं. तेरा मीटरवर, शेजारून फ्रिजची वायर गेलेली, खपलं नाही.

टोकं कापली, नव्याने क्रिम्प केली, स्विचवरचे आकडे शून्य केले. आठवडाभर शून्यच राहिले. हा बिघाड पॅकेट ट्रेसरमध्ये घडवता येत नाही, जीएनएस३मध्येही नाही. पंधरा हजारांतले ३५० इथे वसूल झाले, असं मी दाजींना सांगितलं; ताईला सांगायचं धाडस केलं नाही.

एका पोर्टावरचा संसार

मिनी पीसीला इथरनेटचं एकच पोर्ट असतं, त्यामुळे 'राउटर होणार कसा?' हा प्रश्न तिला पडला होता. उत्तर ८०२.१क्यू, म्हणजे टॅग लावून एकाच तारेतून अनेक व्हीलॅन नेण्याची पद्धत. मिनी पीसीवर प्रॉक्समॉक्स हे आभासी यंत्रं चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, ते मोफत चालतं. त्याची केबल स्विचच्या गिगाबिट पोर्टाला, आणि ते पोर्ट ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारं. एकाच तारेतून घराचा व्हीलॅन १० आणि लॅबचे २०, ३०, ४० असे चारही खेळले, घराचा १० बिनटॅगचा आणि लॅबच्या प्रत्येक फ्रेमवर आपापला टॅग. फायबरचा राउटर व्हीलॅन १०मध्ये. मिनी पीसीतला एक लिनक्स कंटेनर या सगळ्यांच्या मधला राउटर. एका एफआरआर कंटेनरला शंभरेक एमबी रॅम दिली तरी भागतं, त्यामुळे १६ जीबीत डझनभर राउटर उभे राहिले तरी यंत्र कुरकुरत नाही. किटमधले तीन राउटर आठवून बघा.

यूएसबीचा अडॅप्टर दुसरं पोर्ट म्हणून आला तो इथरचॅनेलसाठी. मिनी पीसीची दोन्ही पोर्टं स्विचच्या दोन फास्ट इथरनेट पोर्टांना जोडून लिनक्सच्या बाजूने बाँड (दोन पोर्टांचं एक) केला, एलएसीपी ही जोडी जमवायची बोली दोन्हीकडे बोलली गेली. एक केबल उपटून पिंग चालू राहतं हे पाहून दाजीसुद्धा येऊन बसले.

घराचं नेट गेलं ती गोष्ट

हा प्रसंग या सगळ्या प्रकरणात मला सर्वात मोलाचा वाटतो. डीएचसीपी शिकताना तिने एक कंटेनर केला आणि त्यात सर्व्हर चालू केला: १९२.१६८.५० ने सुरू होणारे पत्ते वाटायचे, गेटवे (नेटवर्काबाहेर जायचं दार) १९२.१६८.५०.१. तो जायचा होता व्हीलॅन २०मध्ये. टॅगचा रकाना रिकामा राहिला. टॅग नसलेली फ्रेम ट्रंकवर नेटिव्ह व्हीलॅनमध्ये जाते, आणि नेटिव्ह ठेवला होता १०. म्हणजे घर.

संध्याकाळी ताईच्या फोनवर नेट बंद. डब्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात आणि तिच्या फोनात डेटा पॅक नसतो, सगळं वायफायवर. दाजींच्या फोनवर मात्र सुरळीत. फायबरच्या राउटरचे दिवे जसेच्या तसे. ग्राहक सेवेला फोन झाला, त्यांनी बंद करून चालू करायला सांगितलं, केलं, आणि नेट आलं! मग रात्री दाजींचं गेलं.

सगळ्यांचं गेलं असतं तर बरं झालं असतं. डीएचसीपीत फोन 'कुणी पत्ता देता का' असं सगळ्या नेटवर्कात ओरडून विचारतो आणि सहसा ज्याचं उत्तर आधी येईल ते घेतो. घरात आता दोघे उत्तर देत होते. कधी फायबरच्या राउटरचं आधी पोचायचं, कधी कपाटावरच्या कंटेनरचं. ज्याला दुसरं मिळालं त्याचा गेटवे असा, की तिथे कुणीच नाही.

भाचीने ताईच्या फोनवर वायफायचा तपशील उघडला, गेटवे वाचला आणि तिचा चेहरा काय झाला असेल ते मला फोनवरही कळलं. कंटेनर बंद, घर शांत. ताईने त्या रात्री लॅबला 'तुझं ते कपाटावरचं' असं नाव दिलं, ते अजून तेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला तोच कंटेनर तसाच, टॅगशिवाय, पुन्हा चालू करायला लावला. फक्त त्याआधी स्विचवर व्हीलॅन १०साठी डीएचसीपी स्नूपिंग लावलं आणि विश्वासाचं पोर्ट म्हणून फायबरच्या राउटरकडचं एकच ठेवलं. आता ट्रंकवरून येणारी पत्त्यांची उत्तरं स्विच दारातच अडवतो. अडवलेल्यांचा आकडा वाढताना दिसतो आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. पुस्तकात हा विषय एका परिच्छेदाचा आहे. ऑफिसात कुणीतरी घरून आणलेला वायफाय राउटर उलटा जोडतो तेव्हा नेमकं हेच होतं, आणि अर्धा मजला बंद, अर्धा चालू, असा फोन येतो.

रात्रीचे बिघाड

इथून पुढे खरा सराव. मी पुण्याहून लॅबमध्ये शिरून काहीतरी मोडायचं आणि तिने सकाळी शोधायचं, असं ठरलं. पण शिरायचं कसं? तिच्या फायबरच्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४.०.०/१० या मालिकेतला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागचा. ही मालिका २०१२ साली त्याच कामासाठी राखून ठेवली आहे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्ड करून (राउटरवर बाहेरून आत यायची वाट उघडून) उपयोग नसतो, कारण खरा सार्वजनिक पत्ता आपल्याकडे नसतोच. माझ्याकडे भाड्याचा छोटा सर्व्हर आहे, त्याच्याकडे मिनी पीसीतून वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढला आणि दर २५ सेकंदांनी एक पाकीट जाईल असं ठेवलं, म्हणजे मधल्या नॅटमधली नोंद जिवंत राहते. असा सर्व्हर नसेल तर टेलस्केल या तशाच सेवेच्या मोफत योजनेवर हेच काम होतं.

आयपीव्ही६ मात्र तिला घरबसल्या खरा मिळाला. त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवरच्या देशांत आहे, आणि आपल्याकडच्या पोरांनी तो पुस्तकातून शिकावा हे जरा विचित्रच. तिच्या जोडणीवर पत्त्यांचा एकच गट (/६४) येतो, त्याचे तुकडे करून लॅबच्या व्हीलॅनांना वाटता येत नाहीत. तिथे खासगी वापराचे पत्ते वापरले.

बिघाडांतला एकच सांगतो. तीन एफआरआर राउटरांमध्ये ओएसपीएफ चालू होतं. मी एका दुव्याच्या एका टोकाचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० वरून १४०० केला. सकाळी तिला दिसलं ते असं: पिंग चालू, शेजारी दिसतोय, पण शेजार 'एक्सस्टार्ट' या मधल्या पायरीपाशी अडकलेला आणि रस्ते गायब. हॅलोची पाकिटं बारकी, ती जातात, म्हणून शेजारी जिवंत वाटतो. पुढच्या पायरीवर दोघे आपापल्या नोंदींची यादी एकमेकांना पाठवतात, आणि त्या पाकिटात एमटीयूचा आकडा लिहिलेला असतो. आपल्याला झेपेल त्याहून मोठा आकडा दिसला की राउटर ते पाकीट टाकून देतो. भाचीने आधी पासवर्ड, एरिया, टायमर सगळं तपासलं. उत्तर वायरशार्क या पाकिटं उघडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिळालं: एका बाजूच्या पाकिटात १५००, दुसऱ्या बाजूच्या पाकिटात १४००. तिच्या वहीत त्या पानावर लक्षण, संशय, आज्ञा आणि निकाल असे चार रकाने आहेत, आणि संशयाच्या रकान्यात खोडलेल्या ओळी जास्त. ती वही मला तिच्या पदवीपेक्षा जास्त सांगते.

आता काय स्थिती आहे

मिनी पीसी आणि स्विच मिळून चाळीसेक वॉट. चोवीस तास चालवले तर महिन्याला २९ युनिट, पण दाजींनी स्विचला वेगळं बटण बसवून दिलं आहे आणि सरावापुरताच तो चालू होतो. तेवढ्या वेळी घराची तार स्विचला असते, एरवी थेट मिनी पीसीला.

वायरलेसचा भाग लंगडा आहे. कंट्रोलर आणि त्याच्या ताब्यातले अॅक्सेस पॉइंट या लॅबमध्ये नाहीत, ते पॅकेट ट्रेसरवर उरकलं. खरा फायरवॉलही नाही. ओपीएनसेन्स हा सॉफ्टवेअरमधला फायरवॉल कंटेनरऐवजी पूर्ण व्हर्च्युअल मशीन मागतो, ते चालतं, पण त्या वेळी बाकीचे राउटर थोडे बंद ठेवावे लागतात. स्पॅनिंग ट्रीसाठी (स्विचांच्या जोडणीत पाकिटं गोल फिरत राहू नयेत म्हणूनच्या पद्धतीसाठी) दुसरा स्विच हवा असा भाचीचा आग्रह आहे. सध्या मिनी पीसीतला लिनक्स ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) स्विचसमोर उभा करून भागवतो. ब्रिज स्पॅनिंग ट्रीचं जुनं ८०२.१डी बोलतो, स्विच व्हीलॅन १वर ते समजून घेतो, आणि रूट (मुख्य स्विच) कोण हे ठरताना दोन्हीकडे पाहता येतं. पण रॅपिड स्पॅनिंग ट्रीचा वेग त्यात दिसत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. दुसरा २९६० दोन हजारांच्या आत मिळाला तर घ्यायचा, नाहीतर ते पैसे परीक्षेच्या डब्यात, असं ठरलं आहे. व्यापारी अजून २,६०० वर अडून बसला आहे.